वाटीभर खरवस

फेब्रुवारी लागला की आमच्या घरातला एक माणूस कमी होतो. केदार असतो, पण गोठ्यात. तो डेक्लनकडे नोकरीला आहे, आणि डेक्लनच्या शेतावरच्या सगळ्या गायी एकदमच व्यायला लागतात. इथली, आयर्लंडची, पद्धतच तशी. वसंतात गवत वाढेल तेव्हा दूध वाढलं पाहिजे, म्हणून सगळ्यांना एकाच सुमाराला गाभण करतात. मग दीड-दोन महिने केदारला अंघोळ, जेवण, बायको, मुलगी कशाचंच भान नसतं. वरून पाऊस. इथला पाऊस कोसळत नाही, नुसता भिजवत राहतो, आणि आवारात शेण, चिखल, गायींची पडलेली वार आणि पाणी यांचा एकच काला होऊन बसतो.

लग्न ठरलं तेव्हा केदार डब्लिनला डेअरीचं एम.एस. करत होता. शिकून कुठल्याशा ऑफिसात बसेल, डून लेरीसारख्या समुद्राकाठच्या गावात छोटा फ्लॅट घेऊ, असं मी मनात धरलेलं. कसलं काय आणि कसलं काय! पदवी हातात पडली आणि हा लिमरिकच्या पलीकडे गायींच्या मागे गेला. ऑफिसात कोंडल्यासारखं होतं म्हणाला. आता कोंडलेली मी आहे, आणि शेतावरचं हे घर नोकरीबरोबर मिळालेलं आहे.

स्वरांगी इथेच जन्मली. पाच वर्षांची आहे, दिसते तीनची. गाल गुबगुबीत, पोट पुढे आलेलं. बघणाऱ्याला वाटतं, काय गुटगुटीत पोर आहे! ते पोट तिच्या लिव्हरचं आहे. जन्मतःच जनुकात खोट. ग्लायकोजेन स्टोरेज, त्यातला वन-बी. लाखात एखाद्याला होणारा आजार, नाव सांगितलं की इथले डॉक्टरसुद्धा पुन्हा विचारतात. तिचं लिव्हर साखर साठवतं, पण सोडत नाही. कणगी गच्च भरलेली, पण खालचा बोळाच निघत नाही. म्हणून दर थोड्या तासांनी कच्चं कॉर्नफ्लोर थंड पाण्यात कालवून पाजायचं. ते पोटात हळूहळू विरघळतं आणि रक्तातली साखर टिकते. शिजवायचं नाही, गरम करायचं नाही, चुकवायचं तर नाहीच. चुकलं की साखर उतरते, आणि साखर उतरली की पोर हातची जाऊ शकते. खाण्यात साखर नाही, गूळ नाही, फळ नाही, दूध नाही. माझ्या दारासमोरून रोज टँकर भरून दूध जातं, आणि माझ्या मुलीला त्याची चव माहीत नाही.

हे झालं वन. बी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी. साधा जंतू गेला तरी अंगात लढायला कुणी नाही. त्यासाठी मांडीत इंजेक्शन, तेही मीच देते. पहिल्यांदा दिलं तेव्हा न्हाणीघरात जाऊन रडले होते. आता सुई टोचताना संध्याकाळी भाजी कुठली करायची याचा विचार चालू असतो.

वासरांना या दिवसांत हगवण लागते आणि ती माणसाला लागू शकते. त्यामुळे हंगामात केदार घरात येतच नाही. गोठ्याला लागून खोली आहे, तिथेच न्हातो, तिथेच झोपतो. मधूनमधून स्वयंपाकघराच्या खिडकीशी येतो, काचेला नाक लावतो, स्वरांगी आतून हात हलवते. मी त्याचं ताट दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवते आणि आत येते. कुत्र्याला ठेवावं तसंच की.

यंदा मदतीला म्हणून माझे सासरे आले. त्यांचं नाव रविकांत, मी त्यांना मामा म्हणते, केदार आप्पा. गडहिंग्लजकडचे. सासूबाई गेल्यापासून एकटेच असतात. उभा जन्म म्हशींत गेलेला माणूस, त्यात इथे दारात एवढी जनावरं वितायत. पहिल्याच दिवशी धोतर खोचून निघाले गोठ्याकडे. मी दारात आडवी उभी राहिले.

"मामा, तिकडे जायचं नाही."

"आगं पोरी, जलम गेला माझा जनावरात. मला काय जंतू चिकटत्यात व्हय?"

"तुम्हाला नाही चिकटत. तुमच्या हाताला चिकटून तिला जातात."

मामांनी खोचलेलं धोतर खाली सोडलं. मी त्यांना गमबूटसुद्धा घेऊ दिले नाहीत. नुसत्या चपलांवर त्या चिखलात माणूस चार पावलं जायचा नाही, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर ते बाहेर उंबऱ्यापर्यंत जरी जाऊन आले तरी कोपरापर्यंत साबण लावून सिंकपाशी उभे राहायचे, आणि मी बघून 'हं' म्हणेपर्यंत नळ बंद करायचे नाहीत. सत्तरी उलटलेला माणूस! मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

नातीशी त्यांचं मजेत जमलं. ते कोल्हापुरी बोलायचे, ती आयरिश इंग्रजीत उत्तर द्यायची.

"काय गं म्हातारे, बरी हाईस न्हवं?"

"आय ॲम ग्रँड, आजोबा."

"ग्रँड म्हंजे काय गं, अक्षया?"

"बरी आहे म्हणतेय."

"मग तोंड का पाडलंया हिनं?"

तोंड पाडलेलं नव्हतं, तोंड आलेलं होतं. पांढऱ्या पेशी घसरल्या की तिच्या तोंडात फोड उठतात, गालाच्या आत, जिभेखाली, घशाच्या तोंडाशी. यंदा असे उठले की पाणी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. "इट्स सोअर, मम्मी," म्हणायची आणि तोंड फिरवायची. मऊ भात नको, वरण नको, अंडं नको. कॉर्नफ्लोर तेवढं मी पाजायचे. गोंजारून, मग ओरडून, मग मांडीत दाबून धरून घोट घोट. अर्धं अंगावर सांडायचं, परत कालवायचं. ती रडायची. मी भिंतीकडे बघत चमचा धरायचे. डब्लिनच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, अशीच न खाता राहिली तर दाखल करून घेऊ. दवाखान्यात शंभर जंतू. मागच्या वेळी तिथूनच नवीन ताप घेऊन आली होती.

मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "वासरू असं मान टाकाय लागलं की आमी पयलं इचारायचो, चीक पोटात गेलाय का? चिकात जी ताकद हाय ती कशातच न्हाई बघ."

"मामा, तिला दूध चालत नाही."

"दूध न्हवं गं, चीक."

"चीकही नाही चालत."

"एवढा चीक हितं नाल्यात वाहतोया आन् पोर उपाशी," ते पुटपुटले. मी ऐकून सोडून दिलं.

त्याच दिवशी केदार खिडकीशी आला होता. मी काच थोडी सरकवली. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, पावसाच्या कोटावरून पाणी निथळतंय. म्हणाला, "रात्री एक वासरू उठतच नव्हतं. नळी घालून चीक ओतला पोटात. आता बघ, उड्या मारतंय." मग माझ्या मागे सोफ्यावर पडलेल्या स्वरांगीकडे बघत राहिला. "खाल्लं का तिनं?" मी नाही म्हणून मान हलवली. तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण तिकडून डेक्लनची हाक आली आणि गेला.

मग इंजेक्शनं संपत आली. ती लिमरिकच्या हॉस्पिटलमधूनच आणावी लागतात. स्वरांगीला घेऊन जायची सोय नव्हती, फ्लूचे दिवस. म्हणून मामांवर सोपवलं. कॉर्नफ्लोर मोजून शेकरमध्ये घालून ठेवलं, पाणी शेजारी, मोबाइलवर गजर लावून दिला.

"मामा, गजर वाजला की यात पाणी ओतायचं, हलवायचं आणि पाजायचं. रडली तरी पाजायचं. झोपली असली तर उठवून पाजायचं."

"व्हय गं बाई. किती येळा सांगशील?"

येताना रस्त्यावर पाणी आलं होतं. नदी कुरणात पसरली होती आणि गाड्या एकामागे एक खोळंबल्या होत्या. मी मामांना फोन केला. "काय काळजी करू नगंस, पोर खाऊन झोपलीय," म्हणाले. आवाजात कधी नव्हे तो आनंद होता. मला वाटलं, खाऊन म्हणजे कॉर्नफ्लोर. विचारायला हवं होतं मी. पण मेलं डोकं इतकं जड झालं होतं की 'बरं' म्हणून फोन ठेवून दिला.

दार उघडलं तर घरभर वेलदोड्याचा वास. कुकर ओट्यावर, झाकण बाजूला. मामा खुर्चीतून उठलेच.

"अक्षया, खाल्लं बघ पोरीनं! वाटीभर! खरवस केला मी, गावचा गूळ घालून!"

मी शेकरकडे बघितलं. आतली पूड कोरडी होती.

"गजर झाला नाही का?"

"झाला की. पर झोपली हुती गं. पोट भरलंवतं. भरल्या पोटी झोपल्यालं पोर कुनी उठीवतं व्हय? आन् गूळ हाय की त्यात. साखर कशी उतरंल?"

ती सोफ्यावर गोधडीत होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. डोळे अर्धे उघडले आणि वर फिरले. बोट टोचून मशीनवर बघितलं तर आकडा दोनच्याही खाली, चारच्या वर हवा असतो. मी ओरडले नाही. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून हो, इथे राहून मलाही सवय लागली, ग्लुकोजची ट्यूब काढली आणि बोटानं तिच्या गालाच्या आत, त्या फोडांवरून, चोळायला लागले. इतकी आग होत असणार, पण ती रडली नाही. तेव्हा मात्र मी खिडकी उघडून केदारला हाका मारल्या.

तो धावत आला तो तसाच. अंगावर रबरी डगला, एका हातात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा, त्यावर रक्त आणि बुळबुळीत काहीबाही. उंबऱ्यापाशी येऊन थबकला. चार पावलांवर मुलगी पडली होती आणि बाप आत येऊ शकत नव्हता.

"उचल तिला," मी म्हणाले. आणि लगेच, "नको. हात नको लावूस."

त्यानं तिथेच पावसात एकेक कपडा काढून फेकला. बादल्या धुवायच्या पाइपचं गार पाणी अंगावर घेतलं आणि नखं खरवडून खरवडून हात धुतले. दात वाजत होते. मामांनी आतून पंचा आणि माझा लांब कोट त्याच्या अंगावर टाकला. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर पाण्यामुळे ती लांबून वळसा घेऊन येणार होती. आम्ही थांबलो नाही. केदारनं बायकी कोट घालून, अनवाणी, डोंगराकडच्या रस्त्यानं गाडी घातली. मी मागे तिला मांडीवर घेऊन ट्यूब पिळत होते. आरशातून तो सारखा मागे बघत होता.

इमर्जन्सीत नशिबानं मराठी डॉक्टर भेटली. स्मृती नाव, मिरजेला शिकलेली, वयानं माझ्याच एवढी. सलाइन लागलं, साखर चढली, स्वरांगीनं डोळे उघडून मला नीट ओळखलं. मग डॉक्टर आमच्याकडे वळली.

"शेवटचं काय खाल्लं होतं?"

"खरवस," मी म्हणाले.

तिला समजावून सांगावं लागलं नाही, तेच वाईट झालं. इंग्रजीत बोलले असते तर निभावलं असतं.

"खरवस? गूळ घालून?"

"हो."

"अहो ताई, दुधातली निम्मी आणि गुळातली निम्मी साखर तिच्या शरीराला वापरताच येत नाही. ती लिव्हरमध्ये जाऊन अडकते, आणि रक्तात आम्ल चढतं ते वेगळंच. कॉर्नफ्लोर दिलं होतं ना वर?"

"नाही."

"कुणी खायला दिला?"

"सासऱ्यांनी. गावाहून आलेत."

केदार सलाइनच्या बाटलीकडे बघत उभा होता. पायात हॉस्पिटलनं दिलेले कागदी बूट.

डॉक्टर उसासा टाकून म्हणाली, "माझ्या वडिलांनीही हेच केलं असतं. पण आता आजोबांवर सोडून जाऊ नका. आज वाचली. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, ताप आला तर अवघड आहे. काही दिवस ठेवून घेऊ."

"बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याला तिच्याजवळ बसवून मी कपडे आणायला घरी आले. मामा सिंकपाशी उभे राहून कुकर घासत होते. तो कधीच स्वच्छ झाला होता, तरी घासत होते. काल रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवलेलं.

"जगली न्हवं?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"हो."

"मी जातो पोरी गावाकडं. माझं तिकीट बदलून दे. अडाणी मानूस मी, अक्कल न्हाई मला."

मी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात बाटली होती, निळ्या झाकणाची, आत पिवळाजर्द घट्ट चीक. त्या बाटल्या गोठ्यातल्या फ्रीजरमधल्या. मी मामांच्या चपलांकडे बघितलं. दाराशी होत्या, आल्या दिवसासारख्या कोरड्या. बाहेर घोट्याच्या वरपर्यंत चिखल.

"मामा, चीक घरात आला कसा?"

"मीच आनला."

"कसे गेलात? उडून?"

त्यांनी नळ सोडला, बंद केला. ओल्या हातानं डोळे पुसले.

"त्येला कायबी बोलू नगंस," म्हणाले. "माझं पोर हाय ते."

मी स्वरांगीचे कपडे, तिची उशी, नवीन इंजेक्शनं पिशवीत भरली. तिकिटाचं बघते म्हणाले नाही, बघत नाही असंही म्हणाले नाही. त्यांचं ताट गरम करून टेबलावर ठेवलं आणि निघाले.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये केदार खाली आला. आता मी वर जाणार आणि तो गाडी घेऊन शेतावर. सकाळचं दूध डेक्लननं एकट्यानं काढलं होतं, संध्याकाळी याला जायलाच हवं होतं. तो शेजारी बसला. काचेवर पावसाची रिपरिप.

"चीक तू आणलास," मी म्हणाले.

"हो."

"तुला सगळं माहीत असून?"

"हो."

"आणि काल त्या डॉक्टरसमोर बापाचं नाव जाऊ दिलंस."

"आप्पाच म्हणाले. आपण निघताना कोट घालताना कानात म्हणाले, माझं नाव सांग, तू गप ऱ्हा." तो आपल्या हातांकडे बघत होता. नखांच्या कडा सोलून निघालेल्या. "मी गप्प राहिलो."

मला त्याला मारावंसं वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. तेही आलं नाही.

"वासराच्या पोटात मी नळी घालतो," तो म्हणाला. "चीक ओततो. मरायला टेकलेलं थोड्या वेळात पायावर उभं राहतं. दिवसभर तेच करतो मी, अक्षया. आणि मग खिडकीतून बघतो, तू चमचा धरून बसलीयस आणि ती तोंड फिरवतेय. दुसऱ्याच्या वासरांना जगवतो मी आणि माझ्या पोरीला... मला वाटलं, एक वाटी. एका वाटीनं काय होतंय? कॉर्नफ्लोर तर आप्पा देणारच होते. मीच म्हटलं त्यांना, करा."

"मूर्ख आहेस तू."

"हो." त्यानं काचेवरची वाफ हातानं पुसली. "पण खाल्लं गं तिनं."

मी मान त्याच्याकडे वळवली.

"मी खिडकीशी होतो. तिला दिसलो नाही. आप्पांनी भरवायला चमचा पुढे केला, तर तिनं त्यांच्या हातातून घेतला. स्वतः खात होती. वाटी संपली तर बोट फिरवून चाटली. आप्पा म्हणाले, तिनं विचारलं, इज देअर मोर?"

माझ्या मुलीनं जन्मात कधी अजून मागितलं नव्हतं. पाच वर्षं मी तिच्या तोंडात औषधासारखं अन्न ढकलत आले, मोजून, गजर लावून, मांडीत दाबून. ती भुकेनं खाते म्हणजे कशी खाते, ते मी बघितलेलंच नव्हतं. एकदाच खाल्लं तिनं तसं, आता पुन्हा कधी खाणार नाही, आणि तेव्हा मी पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत बसले होते. कित्येक महिने आत काही हलत नव्हतं, ते एकदम हललं. ती जगली याचा आनंद नव्हता, यांनी तिला मारलंच असतं याचा रागही नव्हता. मला हेवा वाटला. या दोघांनी ते बघितलं आणि मी नाही, याचा नुसता जळजळीत हेवा. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले, इतकं की शेजारच्या गाडीतल्या बाईनं वळून बघितलं.

केदारनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मग जंतू आठवून झटकन काढून घेतला. मी तो पकडून परत ठेवला.

"आधी काय केलं तिनं?" मी विचारलं. "वाटी पुढे आल्यावर?"

"वास घेतला."

"मग?"

"मग बोटानं दाबून बघितलं. हललं ते. हसली."

"तोंड दुखत असून?"

"हो. मग चमच्याच्या टोकावर एवढासा घेतला, जिभेला लावला. आणि आप्पांकडे बघितलं, असे डोळे करून."

त्यानं डोळे मोठे करून दाखवले. फोन वाजत होता, डेक्लनचा असणार. गायी आवारात येऊन उभ्या राहिल्या असतील. वर स्वरांगी वाट बघत होती आणि मला जायला हवं होतं.

"परत सांग," मी म्हणाले. "पहिल्यापासून."